कुऱ्हाडीचा खुलासा

कोर्टाच्या भाषांतर विभागात तिला एकोणीस वर्षं झाली होती, आणि त्यातली सोळा वर्षं सगळे तिला खुलासाबाई म्हणत. शिपाई म्हणत, वकील म्हणत, ती जवळपास नाही असं वाटलं की न्यायाधीशही म्हणत. साक्षीदार इंग्रजीत बोलायला लागला की ती पिंजऱ्याशेजारी उभी राहून त्याचं म्हणणं आपल्या भाषेत सांगायची. पण एखादं वाक्य जरा वाकडं चाललंय असं वाटलं की तिचा हात वर. "साहेब, खुलासा हवा." मग साक्षीदाराला विचारायचं, तुम्हाला नक्की काय म्हणायचंय, मग वकिलांनी घड्याळाकडे बघायचं, मग न्यायाधीशांनी पेन खाली ठेवायचं. एकदा एक बोटीवरचा साक्षीदार म्हणाला, "आय स्मेल्ट अ रॅट." म्हणजे मला संशय आला, एवढंच. तिलाही ते ठाऊक होतं. तरी बोटीवर खरोखरचा उंदीर होता की नव्हता, हे तिने दोनदा वदवून घेतलं. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये तिच्या नावाने हसून हसून लोकांचा चहा सांडला.

घरीही तीच तऱ्हा. मुलगी दुसऱ्या गावी शिकायला होती. फोनवर ती म्हणाली, "आई, मी मजेत आहे," की हिचं सुरू, "मजेत म्हणजे? जेवलीस का? नेहमी बरी आहे म्हणतेस, आज मजेत कशी?" नवरा बसडेपोत टाइमकीपर, स्वभावाने बोलका, दगडालाही बोलतं करणारा. तो म्हणायचा, "हिला नुसतं 'या बसा' म्हटलं तरी आधी खुर्चीचे पाय मोजते."

हा संशय तिने जन्माला येताना आणलेला नव्हता. तो लागला होता, आणि कुठे लागला हे ती बोट ठेवून सांगू शकली असती. कुणी विचारलं नाही, म्हणून तिने सांगितलं नाही.

सोळा वर्षांपूर्वी, विभागात तीनच वर्षं झाली असताना, तिच्या टेबलावर पोलिसांकडून एक पत्र आलं. गावातल्या एका सुताराचा मेहुणा बेपत्ता होता. दोघं भागीदारीत खुर्च्या बनवायचे. ज्या दिवसानंतर मेहुणा कुणाला दिसला नाही, त्या दिवशी सकाळी कारखान्याच्या अंगणात दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. एक परदेशी गिऱ्हाईक तेव्हा तिथेच होतं. पोलिसांनी त्याला पत्र घालून विचारलं, आणि त्या भल्या माणसाने इंग्रजीत दीड पान उत्तर लिहिलं. त्यातलं एक वाक्य असं, की सकाळी त्यांचं भांडण झालं, पण संध्याकाळपर्यंत "दे हॅड बेरीड द हॅचेट."

तिने कोश उघडला. हॅचेट म्हणजे लहान कुऱ्हाड. बेरी म्हणजे पुरणं. अवघड शब्द दिसला की माणूस दाराशीच थांबवून त्याची चौकशी करतो. सोपा शब्द सरळ घरात शिरतो. तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं, "पण संध्याकाळपर्यंत त्यांनी कुऱ्हाड पुरली होती." खाली सही केली, शिक्का मारला, आणि डबा खायला गेली.

इंग्रजीत "दे" म्हणजे दोघं. आपल्या भाषेत "त्यांनी" म्हटलं की दोघंही होतात आणि आदराने एकटा माणूसही होतो. फौजदाराने एकटा माणूस वाचला. दुसऱ्या दिवशी अंगण खणलं. सुताराच्या अंगणात काय नसतं? भिंतीलगत हातभर खाली एक गंजलेलं कुऱ्हाडीचं पातं निघालं, दांडा कुजून गेलेलं. झालं. सुतार कोठडीत.

त्याला कोर्टात आणलं तेव्हा ती जिन्याच्या तोंडाशी कागद घेऊन उभी होती. तिशीतला काटक माणूस, हातात बेड्या, डाव्या कानामागे पेन्सिल ठेवून ठेवून पडलेला खळगा. तो येईल-जाईल त्याला एकच विचारत होता, "कसली कुऱ्हाड? अहो, कसली कुऱ्हाड?" तिलाही त्याने विचारलं. ती बाजूला सरकली.

तेविसाव्या दिवशी मेहुणा आपल्या पायांनी परत आला. दूरच्या एका लाकूड गिरणीत काम मिळवायला गेला होता. काम लागल्यावरच घरी तोंड दाखवायचं असं ठरवून कुणाला न सांगता गेला होता. सुतार सुटला, प्रकरण बंद झालं. फाइल हातावेगळी करताना म्हाताऱ्या न्यायाधीशांची नजर त्या वाक्यावर गेली आणि त्यांनी तिला आत बोलावलं.

"बाई, हे भाषांतर तुमचं?"

"हो साहेब."

"अहो, कुऱ्हाड पुरणं म्हणजे भांडण मिटवणं. अमेरिकेतल्या मूळच्या टोळ्या तह करताना आपली हत्यारं खरोखर जमिनीत पुरायच्या. गोऱ्यांनी ते पाहिलं, आणि वाक्प्रचार झाला. ते गिऱ्हाईक सांगत होतं, संध्याकाळी दोघं गोड झाले. सुताराच्या बाजूनेच लिहिलं होतं त्याने."

"साहेब, मी दुरुस्ती लिहून देते."

"आता कशाला? माणूस सुटलाय. मिटलेल्या प्रकरणाला टाचणी लावू नका," ते म्हणाले, आणि फाइल बांधली.

त्याच आठवड्यात तिने एक जाड वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं, बेरी द हॅचेट. मग जो भेटेल तो वाक्प्रचार, त्याचा अर्थ, आणि तो आला कुठून. आला कुठून हे कळलं की तो फसवणार नाही, असं तिला वाटायचं. पण तिथेही दगाफटका होताच. प्रत्येक वाक्प्रचाराच्या मागे एक गोष्ट, आणि जितकी गोष्ट छान तितकी ती खोटी असण्याची शक्यता जास्त. "सेव्ह्ड बाय द बेल", म्हणजे ऐनवेळी बचावणं. लोक सांगत, पूर्वी चुकून जिवंत पुरलेल्या माणसाच्या हाताला घंटेची दोरी बांधत. तिने पुस्तकं धुंडाळली. निघाली ती मुष्टियुद्धातली फेरी संपल्याची घंटा. "रूल ऑफ थंब", म्हणजे ढोबळ अंदाज. एका वकिलाने तिला सांगितलं, नवऱ्याने अंगठ्याइतक्याच जाड काठीने बायकोला मारावं असा जुना कायदा होता. असा कायदा तिला कुठेच सापडला नाही; कारागीर अंगठ्याने माप घेतात, तेवढीच शक्यता उरली. "रीड द रायट ॲक्ट" म्हणजे झापणं. तो कायदा मात्र खरा होता, दंगलखोर जमावापुढे तो मोठ्याने वाचायचे आणि तासाभरात पांगायला सांगायचे. "रेड टेप" खरी, कारण सरकारी कागदांची लाल फीत तिच्याच टेबलावर पडलेली असायची. आणि मुसळधार पावसाला कुत्री-मांजरं पडतात असं इंग्रज का म्हणतात, ह्यापुढे तिने लाल शाईने लिहिलं होतं, "कुणालाही माहीत नाही. जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये."

नवरा ती वही चाळून म्हणाला, "आपलं काय वेगळं आहे? माझ्या पोटात कावळे ओरडतायत, असं कुणी इंग्रजीत लिहून दिलं तर डॉक्टर पोट फाडून बघतील."

"म्हणूनच म्हणते," ती म्हणाली, "कुणी काही बोललं की आधी दाराबाहेर उभं करावं."

अशी सोळा वर्षं गेली, आणि एका सोमवारी तिच्या इमारतीच्या तळमजल्यावरचं बंद पडलेलं गॅरेज उघडलं. आत पट्ट्या, फळ्या, रंधा, भुशाचा वास. दारात एक पिकल्या केसांचा माणूस पातं घासत बसला होता. डाव्या कानामागे पेन्सिल.

"नमस्कार ताई," तो म्हणाला. "वरच राहता ना? कोर्टात असता असं कळलं."

"कुणाकडून कळलं?"

"तुमच्या यजमानांकडून." तो हसला. "कोर्ट मला चांगलं ठाऊक आहे."

ती जिना चढून वर आली ती दाराला आतून कडी घालूनच बसली. गावात गॅरेजं काय कमी होती? मग हेच का? आणि "चांगलं ठाऊक आहे" म्हणजे काय? चांगलं म्हणजे पुष्कळ, की चांगलं म्हणजे बघून घेतो?

तिने नवऱ्याला काही सांगितलं नाही. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. नवरा तर दोन दिवसांत सुताराचा जिवलग झाला. दुपारची पाळी नसली की खाली फळीवर बसून गप्पा. वर आला की बातम्या. "भला माणूस आहे गं. एकटाच राहतो. बायको आहे, पण ती भावाकडे असते. तुझ्याबद्दल म्हणत होता, बाईंचं काम जबाबदारीचं. एक शब्द इकडचा तिकडे झाला की माणूस आयुष्यातून उठायचा."

तिच्या हातातली पळी तशीच राहिली. "असं म्हणाला? स्वतःहून?"

"हो. म्हणजे मीच आधी म्हणालो असेन. तो हो म्हणाला."

"मग तू म्हणालास की तो म्हणाला?"

"आता गप्पांचा काय पंचनामा करून ठेवतात?"

पंधरवड्याने सुताराने कागद ठेवायला एक सुबक लाकडी मांडणी वर पाठवली. उरलेल्या फळ्यांची होती, म्हणाला, वाया जाण्यापेक्षा बाईंना होईल. तिने ती उलटी केली, कप्प्यांत हात घालून पाहिलं, सांध्यांना नाक लावलं. काही निघालं नाही. काही न निघाल्यामुळे तिचा संशय आणखी बळावला, आणि मांडणी गच्चीच्या दाराशी उन्हात पडून राहिली. सकाळी खालून हत्यारं पाजळल्याचा आवाज यायचा. ती भाजी चिरता चिरता थांबून ऐकायची. पुढच्या जिन्याने जाणं तिने सोडलं. मागच्या जिन्याने, पाण्याच्या टाकीला वळसा घालून जायला लागली.

कोर्टात ती रेकॉर्ड रूमच्या कारकुनाकडे गेली. "सुताराच्या त्या बंद प्रकरणाच्या नकला कुणी मागितल्यात का?"

त्याने रजिस्टर उलटंपालटं केलं. "सोळा वर्षांत एकानेही नाही. का हो बाई?"

"काही नाही," ती म्हणाली. पण मनात आलं, मागितल्या नाहीत म्हणजे ह्याच्याकडे आधीच असतील.

मग एका शनिवारी दुपारी घराचं दार अर्धवट उघडं असतानाच अडकलं. फुगलं होतं, ओढावं तर हलेना. नवऱ्याने तिला न विचारता सुताराला वर आणलं. त्याने दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, दोन स्टुलांवर आडवं घातलं आणि म्हणाला, "बिजागऱ्या गेल्यात. नवीन लागतील." नवरा उत्साहाने बिजागऱ्या आणायला बाहेर पडला. घराला दार नाही, आणि समोर तो माणूस हातात रंधा घेऊन. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

तो बराच वेळ कड तासत होता. मग मान वर न करता म्हणाला, "ताई, एक विचारू?"

"विचारा."

"तुम्ही मला टाळता. मागच्या जिन्याने जाता. माझं काही चुकलं का?"

इतके दिवस तिने बांध घालून ठेवलेला, तो ह्या साध्या प्रश्नाने फुटला. "उगाच साळसूदपणा करू नका. तुम्हाला सगळं माहीत आहे. त्यासाठीच इथे आलात ना? काय करायचंय ते एकदा करून टाका. वरच्या साहेबांकडे तक्रार करा, माझी नोकरी घालवा, पण हे रोजचं हसून नमस्कार करणं बंद करा."

त्याने रंधा खाली ठेवला. "काय माहीत आहे मला?"

"कुऱ्हाड," ती म्हणाली. "ते मी लिहिलं होतं."

त्याचा चेहरा पाहूनच तिला कळलं, की ह्या माणसाला काडीचाही पत्ता नव्हता. आणि तीर तर सुटला होता. तेव्हा तिने सगळं सांगितलं. गिऱ्हाइकाचं पत्र, कोश, "त्यांनी", शिक्का, आणि म्हाताऱ्या न्यायाधीशांनी नंतर सांगितलेला खरा अर्थ. आत जाऊन वही आणली आणि पहिलं पान त्याच्यासमोर धरलं. तो दाराच्या फळीवरच बसला.

"म्हणजे त्या परक्याने लिहिलं होतं? आमचं मिटलं म्हणून?"

"हो."

"आणि कुणीच सांगितलं नव्हतं, मी कुऱ्हाड पुरली म्हणून? बायकोने नाही?"

"तुमच्या पत्नीचं त्या कागदांत नावसुद्धा नाही."

त्याने दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. मग एकेक शब्द तोलून बोलला. फौजदार त्याला म्हणाला होता, अंगणात हजर असलेल्या माणसानेच लिहून दिलंय. अंगणात चौघंच होते. तो, बेपत्ता मेहुणा, गिऱ्हाईक आणि बायको. गिऱ्हाईक आपल्या बाजूचं, ते कशाला असं लिहील. राहिली बायको. भाऊ दिसेना म्हणून वेडीपिशी झालेली.

"मला वाटलं, भावासाठी तिने मला पकडून दिलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ना? मी म्हटलं, आपल्या घरातलाच दांडा. सुटून आलो, तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. वर्षभरात ती भावाकडे गेली."

"तुम्ही तिला विचारलं नाही?"

"विचारून काय? ती नाहीच म्हणणार होती."

गेले दोन महिने खुलासाबाईही तेच करत होती.

नवरा बिजागऱ्या घेऊन आला. सुताराने दार बसवलं, दोनदा उघडून-मिटून पाहिलं, आणि तिच्याकडे न बघता खाली गेला. संध्याकाळी तिने नवऱ्याला अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं.

दोन दिवसांनी सुतार कोर्टात आला. हा राग काढायला आला असणार, असं तिला वाटलं आणि ती उभी राहिली.

"मला तो कागद पाहिजे," तो म्हणाला. "नुसतं सांगितलं तर तिला खरं वाटणार नाही. माझंच मला वाटत नाहीये."

तिने स्वतः अर्ज लिहिला. मूळ पत्राची आणि भाषांतराची प्रमाणित नक्कल काढली. मग विभागाच्या प्रमुखांपुढे जाऊन, सोळा वर्षं राहिलेली दुरुस्ती लिहून देण्याची परवानगी मागितली. ते म्हणाले, "कशाला आपल्या पायावर धोंडा पाडून घेता?" ती म्हणाली, "धोंडा दुसऱ्याच्या पायावर पडलाय साहेब." तिने लिहिलं, की सदर इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ वैर संपवून समेट करणे असा असून, कुऱ्हाड अथवा अन्य हत्याराशी त्याचा संबंध नाही, भाषांतर चुकीचे होते व चूक माझी होती. "माझी" ह्या शब्दावर ती थोडी थांबली, दुसरा काही अर्थ निघत नाही ना हे पाहिलं, आणि सही केली. तिच्या सेवापुस्तकात ताशेरा आला. वर्षभर तिला पिंजऱ्याशेजारी उभं करायचं नाही, फक्त कागद द्यायचे, असं ठरलं.

सुतार कागद घेऊन बायकोकडे गेला. त्या दोघांत काय बोलणं झालं हे कुणाला कळलं नाही. तो संध्याकाळी एकटाच परत आला आणि चार दिवस गॅरेज बंद होतं. नवरा खाली जाऊन दार ठोठावून आला आणि म्हणाला, "पडून आहे."

महिन्याभराने रविवारी सकाळी खुलासाबाईच्या दारात एक उंच, सडपातळ बाई उभी राहिली. हातात घडी घालून मऊ पडलेली ती नक्कल. "तुम्हीच ना?" तिने विचारलं.

"हो. आत या."

ती आत आली, पण बसली नाही. खोलीवरून नजर फिरवली. टेबल, वही, आता खोलीत घेतलेली लाकडी मांडणी.

"माझ्या भावाला वाटतं, तुमच्यावर खटला भरावा," ती म्हणाली. "मी नको म्हटलं. शब्द चुकतो. तुम्ही मला ओळखतसुद्धा नव्हतात. पण तो ओळखत होता. बारा वर्षं संसार झाला होता आमचा. त्याने एकदा तोंड उघडून विचारायचं होतं."

"हो," खुलासाबाई म्हणाली.

"आता रोज बसथांब्यावर येऊन उभा राहतो. म्हणतो, चल. मी म्हटलं, आधी पुरतं बोल, मग बघू." तिने कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. "हे वाचलं तेव्हा मला आठवलं. त्या संध्याकाळी दोघांना मीच एका ताटात जेवायला बसवलं होतं. तो परका समोर बसून हसत होता. त्याने तेवढंच लिहिलं होतं तर."

खुलासाबाईने चहा ठेवला. बाई नको नको म्हणत शेवटी खुर्चीच्या कडेवर बसली. खालून लाकूड कापल्याचा आवाज येत होता. तो मध्येच थांबला, पुन्हा सुरू झाला.

"तुम्ही आलात हे त्यांना माहीत आहे?" खुलासाबाईने विचारलं.

"नाही. आणि सांगू नका. जाताना मीच भेटेन." तिने कप दोन्ही हातांत धरला. "किंवा नाही भेटणार. अजून ठरलं नाही."

चहा संपल्यावर ती उठली. खुलासाबाई दाराशी उभी राहिली. जिना उतरणारी पावलं तळमजल्यापर्यंत ऐकू आली, आणि गॅरेजपाशी थांबली. करवतही थांबली. पुढचं बोलणं वर येत नव्हतं. कान देऊन ऐकायचा तिला मोह झाला, पण ती आत आली आणि तिने दार लावून घेतलं.